कामिनीचं कडवं

हसू झाकायला कामिनीनं हातमोज्यातला हात तोंडाकडे नेला होता. तो हात तिथंच राहिला, हनुवटीच्या जरा खाली, आणि गाणं तिला ओलांडून पुढे निघून गेलं.

एवढंच घडलं. बाकी कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. चेलना हसता हसता बर्फातच बसली होती, मयुरी मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती, आणि लेवान नावाचा तो उंचापुरा गाइड एक अक्षर कळत नसताना टाळ्या वाजवत होता. दिपमालाला मात्र तो हात दिसला. आता आपलं नाव येणार म्हणून आधीच लाजलेला चेहरा दिसला, ओठांच्या कडेला जमलेलं हसू दिसलं, आणि ते हसू आता कुठे ठेवावं हे न कळून क्षणभर तसंच उघड्यावर राहिलेलंही दिसलं. मग कामिनीनं हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातमोज्यावरचा बर्फ झटकला. तिथे बर्फ नव्हता. दिपमालाचा आवाज गातच होता, तिच्या स्वतःच्या नावाचं कडवं. धरलेलं गाणं मध्येच टाकायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. गळा गात राहिला, नजर त्या हातमोज्यावर अडकलेली.

चौघी जळगावच्या. सकाळी मेहरूण तलावाला चकरा मारता मारता जमलेली मैत्री. आधी नुसतं हसणं, मग एकमेकींसाठी थांबणं, मग फिरणं कमी आणि बाकावर बसणं जास्त. चेलना गुजराती, तिचं कापडाचं दुकान, मयुरी सगळ्यांत लहान, नुकती चाळिशी ओलांडलेली आणि चौघींत गाडी चालवणारी एकटी. दिपमालाच्या लेकीचं, हेमांगीचं, लग्न माघात ठरलं तेव्हा चेलनाच म्हणाली होती, "एकदा का लग्नाचं घर झालं, की दिपमालाबेन आपल्या हाती लागायच्या नाहीत. त्याच्या आधी कुठेतरी लांब चला. असं लांब, की घरून फोन आला तर म्हणता यावं, रेंज नाही." दिपमालाच्या नवऱ्यानं, सुकदेवरावांनी, "थंडीच पाहायची तर मेहरूणला काय कमी आहे?" असं म्हणून पाहिलं. पण कामिनीनं सगळ्यांआधी होकार दिला. तिनं होकार दिला म्हणून बाकीच्या हलल्या. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा, अमृतभाऊ, गेल्यापासून धुळ्याला माहेरी जाण्यापलीकडे ती कुठे गेलीच नव्हती. तर अशा त्या चौघी पौषाच्या थंडीत जॉर्जियाला आल्या. तिब्लिसीच्या उताराच्या गल्ल्यांमधून हिंडल्या, दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळांना मेणबत्त्या समजून हसल्या, आणि आज सकाळी बसनं वर चढत चढत या पांढऱ्या डोंगरात येऊन पोहोचल्या.

पांढरं म्हणजे किती पांढरं! वेचणीला आलेला कपाशीचा मळा दिपमालानं जन्मभर पाहिला होता. पण तिथल्या पांढऱ्याला खालून काळ्या मातीचा आधार असतो, काट्यांचा, सुकल्या पानांचा. इथे आधार नव्हता. डोळे टेकवायला जागा सापडत नव्हती. ऊन होतं, पण उन्हाला ऊब नव्हती. दुरून बघणाऱ्या पाहुण्यासारखं ते नुसतं उभं होतं. समोर दरी, दरीच्या कडेला लाकडी कठडा, आणि कठड्यापर्यंत जायच्या वाटेवर बर्फ गोठून झालेला काचेसारखा एक पट्टा. त्या पट्ट्यावरून लेवाननं एकेकीला हात धरून पलीकडे नेलं. गाणं तिथूनच निघालं.

लेवानचा चेलनानं पहिल्याच दिवशी लोटन करून टाकला होता. "लेवान काय अन् लोटन काय, एकच ते." लोटननं हात पुढे केला तेव्हा ती आधी अंगभर लाजली आणि मग दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून किंचाळत पलीकडे गेली. "आमचे हे बघतील तर आजच्या आज दुसरं तिकीट काढून येतील," ती म्हणाली. मयुरी म्हणाली, "दिपमालाताई, हे तर याहिणीच्या गाण्यातलंच झालं की हो! म्हणा ना, म्हणा."

याहीण म्हणजे विहीण. लग्नाच्या मांडवात बायका ढोलकी घेऊन बसतात आणि समोर बसलेल्या एकेकीचं नाव घेऊन तिला गाण्यात ओढतात. ही बाजारात कुणाबरोबर पळाली, तिनं बांगड्यावाल्याच्या हातात हात किती वेळ ठेवला. जिचं नाव येतं ती पदर तोंडाला लावते, "मरा व माय तुम्ही!" म्हणते, आणि जिचं येत नाही ती मनातून रुसते. शिवीच असते, पण ती शिवी मानाची. खानदेशात अशी गाणी अजून म्हणतात, पण जागच्या जागी नवं नाव, नवी खोड घालून कडवं जुळवणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या. दिपमाला त्यांतली. तिची आई कमलबाई साक्रीकडच्या खेड्यापाड्यांत या गाण्यांसाठी बोलावली जायची, बैलगाडी पाठवून. आईचा गळा दिपमालाकडे आला होता. शिरपूरपासून सावद्यापर्यंत ओळखीपाळखीत लग्न असलं की "दिपमालाताई येणार ना?" हे आधी विचारलं जायचं. तिनं लोकरी टोपी कानांवरून मागे सारली, थर्मासवर थाप धरली आणि सूर लावला:

*बरफना डोंगर, घसरस पाय,*
*चेलना याहीन व, कथी चालनी माय?*
*चालनी ते चालनी, एकली नही,*
*लोटनना हात धरी भुलाई गई!*

चेलनानं "हाय राम" म्हणत बर्फात बसकण मारली. मग मयुरी. मयुरीच्या कडव्यात दिपमालानं गाडीची किल्लीही घातली. लोटनला शेजारी बसवून ही जळगावला घेऊन निघाली. चौघी कठड्याला लागून एका ओळीत उभ्या होत्या: चेलना, मयुरी, कामिनी, आणि शेवटी दिपमाला स्वतः. मयुरीनंतर कामिनी. आणि मयुरीनंतर दिपमालानं श्वास घेतला आणि म्हटलं, "दिपमाला याहीन व, कथी चालनी माय?"

आता गाणं संपलं होतं. टाळ्या झाल्या होत्या. पुण्याहून आलेल्या, त्यांच्याच बसमधल्या दोघी बायका "किती गोड हो, अर्थ काय याचा?" म्हणून विचारत होत्या, आणि चेलना त्यांना तिच्या मराठीत, 'कथी चालनी' म्हणजे कुठे चालली, असं समजावून देत होती. कामिनी म्हणाली, "चहा आणते मी सगळ्यांना," आणि त्या लाकडी टपरीकडे निघाली. काचेच्या पट्ट्यावरून ती एकटीच गेली, बाजूला पाय फाकवून, जपून. लोटनचं तिकडे लक्ष नव्हतं. दिपमालाला वाटलं, धावावं, आपण हात द्यावा. पण पाय उचलला नाही. धावत जाऊन काय म्हणायचं? तुझं राहिलं गं? जेवणाच्या पंगतीत एखाद्याच्या पानात वाढायचं राहून जातं आणि मग तूप घेऊन कुणीतरी धावतं, तसं? राहून गेलेलं वाढता येतं. टाळलेलं कसं वाढायचं?

नाही, टाळलं नव्हतं. तिनं स्वतःला लगेच सांगितलं. सवय. नुसती जिभेची सवय. इतकी वर्षं जी वाट चालली त्या वाटेनं जीभ गेली. ती बाकावर बसली. बाकावरचा बर्फ पुसला होता तरी थंडी लुगड्यातून वर चढावी तशी जाड विजारीतून वर चढली, आणि त्या थंडीबरोबर कुठून कुणास ठाऊक, धाकट्या काकूचे हात आले. तांदूळ निवडणारे हात. मांडवाच्या कडेला, जिथे कनात संपते आणि गोठ्याचा वास सुरू होतो, तिथे सूप मांडीवर घेऊन काकू बसलेली असायची. प्रत्येक लग्नात काकू तिथंच, आणि प्रत्येक लग्नात तांदूळ निवडायचे राहिलेलेच असायचे. दिपमाला सात-आठ वर्षांची असेल. आईच्या मांडीला टेकून ती गाणं ऐकत होती, आणि एकेकीचं नाव येत होतं, आत्याचं, मामीचं, न्हाव्याच्या बायकोचं, शेजारच्या गावाहून आलेल्या त्या जाड्या बाईचं. सगळ्यांचं. काकूचं नाव काही आलं नाही, म्हणून तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं. "मायऽ, काकूनं नाव नही उनं." आईनं ढोलकी थांबवली नाही. रात्री निजताना सांगितलं, "जिना कपायवर कुकू, तिनंच नाव लेवानं. दुसरीनं लिधं ते नवरीले बाधस." विधवेचं नाव गाण्यात घेतलं तर नवरीला बाधतं, इतकंच. आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. चुलीत आधी बारीक काड्या घालायच्या, मग जाड, हे सांगावं तसं सांगितलं. आई काकूला जपायची, पहिली भाकरी काकूच्या ताटात घालायची, काकूच्या डोक्याला तेल लावताना तिचा हात किती हलका व्हायचा. आणि तीच आई प्रत्येक मांडवात ढोलकी मांडीवर घेतली की सूर लावण्याआधी एकदा सगळीकडे नजर फिरवायची. लोक म्हणायचे, कमलबाई अशी बघते की बाईच्या मनातलं ओळखते. दिपमालाला त्या रात्रीपासून माहीत होतं, आई कपाळं बघते. कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तिला काकूची दया आली नव्हती. मोठ्या बायकांचं एक गुपित आपल्याला कळलं याचा आनंद झाला होता. तो आनंद आता, या बाकावर, इतक्या वर्षांनी, तिला अंगावर चिकटल्यासारखा आठवला.

पण ती आईसारखी नव्हती ना! अमृतभाऊ गेले तेव्हा दहाव्याला कामिनीच्या जावा कुंकू पुसायला तिच्या भोवती गोळा झाल्या होत्या, आणि दिपमालानंच त्यांना बाजूला सारलं होतं. "आजच्या काळात हे काय चाललंय? तिचं कपाळ आहे, तिचं तिला ठरवू द्या." मोठ्या दिरासमोर बोलली होती, नजर न झुकवता. तेराव्यानंतर स्वतःच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढून कामिनीच्या कपाळाला तिनं स्वतःच्या बोटानं लाल टिकली लावली होती. कामिनी रडली होती. दिपमालाही. ती गोष्ट मग तिनं किती ठिकाणी सांगितली! महिला मंडळात, हेमांगीच्या सासरच्यांसमोर पहिल्याच भेटीत, बसमध्ये पुण्याच्या या दोघींना परवा. "आमच्याकडे आता असलं काही राहिलं नाही हो." कामिनी शेजारच्याच सीटवर होती, खिडकीबाहेर बघत. ती काय ऐकत होती तेव्हा? टिकली लावणारा हात आणि नाव गाळणारी जीभ एकाच बाईची, हे तिला आधीपासून ठाऊक होतं का?

"दिपमालाताई, हे बघा, काय भारी आलंय!" मयुरीनं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हेमांगीला पाठवते आत्ताच. म्हणावं, बघ तुझी आई."

छोट्याशा चौकटीत लाल गालांची, टोपी मागे सारलेली एक बाई थर्मासवर थाप धरून गात होती. दिपमालाला आधी स्वतःचं नाक मोठं वाटलं, मग आवाज आईसारखा वाटला. मयुरीचं कडवं संपलं. त्या बाईनं श्वास घेतला. आणि श्वास घेताना तिची नजर वर गेली, उजवीकडे, कामिनीच्या तोंडाकडे, तोंडाच्याही वर. कामिनीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती. टिकली टोपीखाली. त्या बाईची नजर तिथे टोपीच्या कडेवर एक क्षण थांबली, काहीतरी शोधल्यासारखी, सापडलं नाही तशी खाली उतरली, आणि मग तिनं स्वतःचं नाव घेतलं.

"पुन्हा लावू का?" मयुरी म्हणाली.

"नको." तिनं मोबाइल बाजूला सारला. "पाठवू नकोस हेमांगीला. माझा चेहरा कसा दिसतोय बघ."

"काही काय! मस्त दिसताय."

"नको म्हटलं ना."

मयुरीनं तिच्याकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. दिपमालाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, एवढ्या थंडीत. म्हणजे सवय नव्हती. जीभ आपोआप घसरली असती तर घसरली असती. पण तिनं बघितलं होतं. थांबून, तपासून, निवाडा करून मग गाळलं होतं, आणि तो निवाडा इतका पटकन झाला होता की तिचा तिलाही कळला नव्हता. टोपी नसती, टिकली दिसली असती, तर काय झालं असतं? मनात हा प्रश्न उठला आणि त्याचं उत्तरही लगेच उठलं, लाज सोडून. तरीही घेतलं नसतं. टिकली ही टिकलीच होती, कुंकू नव्हे. तिनं स्वतः लावली होती म्हणून तिला माहीत होतं.

कामिनी चहाचे कागदी पेले एका पुठ्ठ्यावर ठेवून परत आली. कोणाला साखर, कोणाला बिनसाखरेचा, सगळं तिच्या ध्यानात. चेलनाला वेगळा, लिंबाचा, दूध न घातलेला. "तुझ्यासाठी त्याला हातानं खाणाखुणा करून सांगितलं, चेलना. म्हशीची शिंगं काढून दाखवली आणि मग नको नको केलं. तो इतका हसला." चेलना हसली. सगळ्या हसल्या. कामिनीनं स्वतःचा पेला घेतला आणि कठड्याच्या अगदी टोकाला, जिथे दुर्बीण लावलेली होती, तिथे जाऊन उभी राहिली. रुसलेल्या माणसासारखी नाही. बघायला आलेल्या माणसासारखी. त्यामुळेच दिपमालाला बसवेना. ती उठून तिच्या बाजूला गेली.

खाली दरीत रस्त्याचं वळण दिसत होतं, आणि त्यावरून मालट्रकांची रांग मुंग्यांसारखी सरकत होती. चहाची वाफ दोघींच्या तोंडासमोरून एकाच दिशेनं जात होती.

"कामिनी."

"हं."

"मघाशी गाण्यात..."

"छान झालं गाणं." कामिनीनं दुर्बिणीला डोळा लावला. "किल्लीचं तुला कसं सुचतं गं जागच्या जागी?"

"तुझं नाव राहिलं."

"राहू दे गं. एवढं काय."

"नाही, म्हणजे मला घ्यायचंच होतं. पण काय झालं, एकदम..." आपण खोटं बोलतोय हे दिपमालाला बोलता बोलता कळत होतं, आणि शब्द तरी थांबत नव्हते. "एकदम पुढचंच तोंडात आलं."

कामिनीनं दुर्बिणीतून डोळा काढला. तिच्या डोळ्याभोवती धातूच्या थंडीचा गोल वळ उठला होता. ती दिपमालाकडे पाहून हसली, खरंच हसली, आणि तेच फार कठीण होतं. "दिपे, मयुरीच्या भावाच्या लग्नात, शिरपूरला, तू ढोलकी घेतलीस तेव्हा मी कुठे होते, आठवतं?"

"तू... आत होतीस ना. चहाचं बघत होतीस."

"आणि सावद्याला?"

सावद्याला केळीच्या खांबांनी सजवलेला मांडव तिला दिसला, पेट्रोमॅक्ससारखे पांढरे दिवे, ढोलकी, बायकांचं रिंगण. रिंगणात कामिनी दिसेना.

"तिथेही चहाच," कामिनी म्हणाली. "तू ढोलकी मांडीवर घेतली की मी चहाचं बघायला उठते. चहा कोणी मागितलेला असतो का गं त्या वेळेला? पण मी समोर बसले तर माझ्यापाशी येऊन तुझी पंचाईत होईल. सगळ्या बायका बघणार, आता हिचं घेते का गाळते. तू तरी काय करशील? म्हणून उठते." तिनं चहाचा घोट घेतला. "आज उठले नाही. म्हटलं इथे कोण आहे? ना मांडव, ना नवरी. लोटनला काय कळतंय. म्हटलं इथे येईल."

तिच्या आवाजात ठपका नव्हता. ठपका असता तर दिपमालाला धरायला काहीतरी मिळालं असतं, रडता आलं असतं, पायही धरता आले असते. हे सगळं तिनं घरातली कुठली फरशी हलते ते सांगावं तसं सांगितलं होतं. तिथे पाय देऊ नये म्हणून ती इतके दिवस बाजूनं चालत होती, आणि दिपमालाला वाटत होतं, हिची चाल किती छान हलकी आहे. तीन वर्षं ती दिपमालाचा मान सांभाळत आली होती. आणि त्याच तीन वर्षांत दिपमाला टिकलीची गोष्ट सांगत हिंडत होती.

"म्हणू आता?" दिपमाला म्हणाली.

कामिनीनं खांदे उडवले, पण डोळ्यांत काहीतरी हललं. मघाचंच ते, पंगतीत बसलेल्या पोरीसारखं, ताटाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघणारं. "म्हण की."

दिपमालानं आजूबाजूला पाहिलं. चेलना पुण्याच्या दोघींना खाकरा खिलवत होती. लोटन फोनवर बोलत होता. ती कामिनीच्या जरा जवळ सरकली आणि म्हटलं:

*बरफना डोंगर, घसरस पाय,*
*कामिनी याहीन व, कथी चालनी माय?*
*म्हशीना शिंगं करी चहावाला भुलाई,*
*लोटनले सोडीसन तेना दुकाने गई!*

कडवं चांगलं जुळलं होतं. कामिनीनं ऐकलं, मान खाली घालून, आणि "शिंगं" आलं तिथे तिचा हात तोंडाकडे गेला आणि या वेळी पोहोचला. खांदे हलले. "मर व तू!" ती म्हणाली. अगदी मांडवातल्या बाईसारखं. दिपमालाच्या छातीवरचं ओझं हललं, आता सुटेल असं वाटलं. तेवढ्यात कामिनी हसू पुसत म्हणाली, "पण एवढ्या हळू का गं?"

खरंच, हळू म्हटलं होतं. तिनं स्वतःचा आवाज आठवून पाहिला. मघाचं गाणं समोरच्या डोंगरावर जाऊन आपटलं होतं, आणि हे दोघींच्या पेल्यांपलीकडे गेलं नव्हतं. चोरून दिल्यासारखं. पदराखालून, दाराआडून, कोणी बघत नाही ना हे पाहून. इथे कोण बघत होतं? हजारो कोस पांढरंच पांढरं, आणि भाषा कळणारं म्हणाल तर आपलीच माणसं. कोणापासून लपवलं? आणि तिला कळलं, कोणापासून ते. डोंगरापलीकडे, समुद्रापलीकडे जळगावात हेमांगी आता ऊन खात गच्चीवर बसली असेल, केसांना मेंदी लावून. तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. दुसरीनं लिधं ते नवरीले बाधस. आईनं निजताना एकदाच सांगितलेलं, आणि ते इतकी वर्षं पोटात तसंच जागं होतं, वाचलेल्या पुस्तकांखाली, दिलेल्या भाषणांखाली.

"हेमांगीच्या हळदीला ढोलकी तूच धरणार ना?" कामिनी म्हणाली. तिनं दरीकडे पाहत, सहज विचारलं. पण पेला धरलेली तिची बोटं कागदात रुतली होती. "तेव्हा म्हणशील हे कडवं? मोठ्यानं? मी उठू नको ना?"

वेळ फार गेला नसेल. पण तेवढ्यात दिपमालाला सगळा मांडव दिसला. पिवळी हेमांगी, पाटावर बसलेली. धुळ्याहून आलेली तिची होणारी सासू, नव्या चोळीच्या बाह्या खाली ओढत. गोल करून बसलेल्या बायका. कामिनी, पहिल्या रांगेत, मोरपंखी साडीत. ती साडी तिनं हळदीसाठीच घेतली होती, दिपमालाच तिच्याबरोबर चेलनाच्या दुकानात गेली होती. सूर लागलेला, कडवी पुढे सरकत असलेली, मयुरी झाली, आता कामिनी. सगळ्या माना तिच्याकडे वळलेल्या. दिपमालानं मनातल्या मनात तोंड उघडून पाहिलं. हो म्हणायचं होतं. हो इतकं सोपं होतं, एका श्वासाचं. समोर उभ्या असलेल्या बाईला हो सोडून दुसरं काही म्हणणं माणुसकीचं नव्हतं, हेही तिला कळत होतं. पण हेमांगीच्या हळद लागलेल्या गालावर तिला काहीतरी दिसलं, नुसती एक सावली, कनातीची असेल, आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"पाहू," दिपमाला म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि थंडीत त्याची वाफ झाली. दोघींनी ती वाफ जाताना पाहिली. पाहू. दुकानात साडी आवडली नाही की दुकानदाराला म्हणतात ते. मुलगी पसंत नसली की मुलीच्या बापाला सांगतात ते. दोन्हीकडचे समजून जातात आणि उठतात. दिपमालाला तो परत घ्यायचा होता.

खालून बसचा हॉर्न वाजला. लोटन हात हलवून सगळ्यांना बोलावू लागला. कामिनीनं आपला पेला दिपमालाच्या रिकाम्या पेल्यात बसवला आणि दोन्ही मिळून कचऱ्याच्या डब्यात टाकले. मग ती दिपमालासमोर येऊन उभी राहिली, जवळ, हळद लावायला उभ्या राहतात तेवढी जवळ. दिपमालाची मागे सरकलेली लोकरी टोपी तिनं दोन्ही हातांनी पुढे ओढली, कानांवर नीट बसवली, गळ्याशी सुटलेल्या मफलरची गाठ मारली, आणि गाठ फार घट्ट तर झाली नाही ना हे बोट घालून पाहिलं.

"कान उघडे ठेवून काय उभी राहतेस वाऱ्यात?" ती म्हणाली. "महिन्यावर आली हळद. घसा बसला तर गाणार कोण?"